काळ्या रंगाशिवाय काळी माती

नीरा नदीचे एक संथ वळण, काठावर बाभळी, पलीकडे नांगरून टाकलेले शेत आणि वर हिवाळ्यातले स्वच्छ आकाश. माणूस असलाच तर दूर बांधावर, पाठमोरा. दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) पद्धतीच्या ग्रामीण निसर्गचित्राला एवढा ऐवज पुरतो. अशा चित्रात काही घडत नाही, कोणाची गोष्ट सांगितलेली नसते, उत्सव किंवा लढाई नसते. चित्रकार रंगवतो तो उजेड. सकाळी साडेआठ वाजता त्या बाभळीची सावली नेमक्या कोणत्या रंगाची आहे, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर तो समोर बसून, ऊन सरकायच्या आत शोधतो.

असे दृश्य जिथे भेटते ते निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले नीरेकाठचे गाव. नदीच्या या टप्प्यात उत्तरेला पुणे जिल्हा आणि दक्षिणेला सोलापूर जिल्हा. अवर्षणप्रवण पट्टा, एका बाजूला कालव्याने हिरवे केलेले रान आणि दुसऱ्या बाजूला कुसळी गवताचे माळ, असा हा मुलूख आहे. सह्याद्रीचे कडे, कोकणातली माडाची वाडी किंवा पन्हाळ्याचे धुके ज्यांना निसर्गचित्राचा खरा विषय वाटतात, त्यांना इथे रंगवण्यासारखे काही दिसणार नाही. दृक्प्रत्ययवादाचे मोठेपण असे, की या मुलुखात केवढे रंग आहेत हे त्याने दाखवून दिलेल्या पद्धतीने पाहिल्यावर लक्षात येते. ती पद्धत समजून घ्यायची तर फ्रान्सपासून सुरुवात करून कोल्हापूर आणि इंदूरमार्गे नीरेच्या काठावर यावे लागते.

१८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत तीसेक चित्रकारांनी स्वतःच्या हिमतीवर एक प्रदर्शन भरवले. सरकारी सालों प्रदर्शनाचे परीक्षक त्यांची चित्रे वारंवार नाकारत होते, म्हणून हा वेगळा मार्ग. त्यात क्लोद मोनेचे १८७२ मधले सूर्योदयाचे चित्र होते. त्याच्या शीर्षकातला ‘इम्प्रेशन’ हा शब्द उचलून लुई लरुआ या टीकाकाराने सगळ्या गटाची खिल्ली उडवली आणि तेच नाव पुढे रूढ झाले. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली. या आठही प्रदर्शनांत चित्रे ठेवणारा चित्रकार एकच, कामीय पिसारो. ग्रामीण निसर्गचित्राचा विचार करताना मोनेपेक्षाही पिसारोपाशी जास्त थांबायला हवे, कारण शेत हा त्याचा आयुष्यभराचा विषय होता.

पहिल्याच प्रदर्शनात पिसारोने पाँत्वाज गावाजवळच्या शेताचे, १८७३ मध्ये रंगवलेले एक चित्र ठेवले होते. थंडीतली सकाळ, नांगरटीच्या तासांवर पडलेले पांढरे हिव, आणि पाठीवर काटक्यांचा भारा घेऊन कच्च्या वाटेने चाललेला एक म्हातारा. शेतावरून तिरप्या, निळसर सावल्यांचे पट्टे गेले आहेत. या सावल्या झाडांच्या आहेत, पण ती झाडे चित्रात कुठेच नाहीत. ती चौकटीबाहेर, पाहणाऱ्याच्या बाजूला उभी आहेत. म्हणजे चित्रकाराने झाड सोडून दिले आणि झाडाने अडवलेला उजेड तेवढा रंगवला. लरुआने याच चित्रावर, पॅलेट खरवडून निघालेला रंग मळक्या कॅनव्हासवर थापला आहे, अशा अर्थाचा शेरा मारला. आज ते चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे आणि शांत ग्रामीण निसर्गचित्र कसे असावे याचा त्याहून चांगला धडा सापडणे अवघड आहे.

या क्रांतीमागे काही अगदी व्यावहारिक कारणे होती. पूर्वी रंगाची पूड तेलात घोटून तो रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी एकदा टोचली की रंग लवकर वाळे, त्यामुळे तैलचित्र हे खोलीत बसून करायचे काम होते. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने झाकण असलेली कथलाची नळी शोधून काढली आणि रंगांची पेटी काखेत मारून शेतात जाणे शक्य झाले. रेल्वेने पॅरिसच्या आसपासची खेडी तासाभराच्या अंतरावर आणली. रसायनशास्त्राने नवे रंग दिले: १८०२ मध्ये कोबाल्ट निळा, १८२० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम अल्ट्रामरीन, १८५९ मध्ये व्हिरिडियन हा पारदर्शक थंड हिरवा, आणि कॅडमियमचे तेजस्वी पिवळे. अल्ट्रामरीन त्याआधी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून करत आणि तो सोन्याच्या तोडीचा महाग असे. निळा रंग स्वस्त झाल्यावरच सावली निळी रंगवण्याची चैन परवडली.

सावली निळी का दिसते, याचे कारण सोपे आहे. उघड्या रानात सावलीच्या जागी थेट ऊन पोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोचतो, आणि आकाश निळे असते. शिवाय डोळ्याचा स्वतःचा एक गुण आहे. पिवळसर-नारिंगी उन्हाच्या शेजारी तटस्थ करडा रंगही निळसर भासतो. गोब्लॅं येथील गालिचांच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनतज्ज्ञाने शेजारी-शेजारी ठेवलेल्या रंगांचा एकमेकांवर होणारा हा परिणाम १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला होता. चित्रकारांनी तो हातात उतरवला. हिरव्याशेजारी लाल, निळ्याशेजारी नारिंगी, पिवळ्याशेजारी जांभळा असे सुटे फटकारे त्यांनी पॅलेटवर न मिसळता कॅनव्हासवरच शेजारी-शेजारी ठेवले. चित्राला नाक लावून पाहिले तर नुसते डाग दिसतात; सात-आठ पावले मागे सरकले की त्यांचा उजेड होतो. काळा रंग त्यांनी जवळजवळ हद्दपार केला आणि जुन्या चित्रकारांचे तपकिरी अस्तर सोडून पांढऱ्या किंवा फिक्या करड्या अस्तरावर काम सुरू केले.

महाराष्ट्रात तैलरंग आले ते मात्र नेमक्या त्या जुन्या, तपकिरी परंपरेतून. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले आणि तिथे ब्रिटिश अकादमिक शिस्त शिकवली जाई: आधी रेखाटन, मग छायाप्रकाश, मग रंग. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. प्रदर्शनांमध्ये मान व्यक्तिचित्राला आणि प्रसंगचित्राला असे. निसर्गचित्र बहुधा जलरंगात होई. तरीही याच शाळेत शिकलेल्या एका विद्यार्थ्याने कोल्हापुरात परतून उजेडाचा ध्यास घेतला. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

आबालाल १८८० च्या दशकात जे. जे.मध्ये शिकले, पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार म्हणून राहिले, आणि १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईत राहून व्यक्तिचित्रांवर पैसा मिळवणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी कोल्हापुरातले कोटितीर्थाचे तळे, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट यांची सोबत धरली. तीच जागा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत रंगवायची, असा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या निसर्गचित्रांत बारीक, सुटे फटकारे आहेत, पाण्यावरचा उजेड आहे आणि कडेच्या रेषा विरघळलेल्या आहेत. त्यामुळे त्यांची तुलना नेहमी फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांशी होते. त्या काळी कोल्हापुरात बसून मोने-पिसारोंची मूळ चित्रे पाहायला मिळण्याचा संभव नव्हता. एकाच तळ्याकडे वर्षानुवर्षे पाहत राहिलेल्या माणसाला जे दिसू शकते ते त्यांना दिसले, असे मानणे जास्त न्याय्य आहे. शाहू महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाल्यावर त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. उरलेल्यांपैकी काही तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात पाहायला मिळतात आणि मराठी मुलखातल्या निसर्गचित्राचा विचार करणाऱ्याने ती पाहायलाच हवीत.

दुसरा प्रवाह इंदूरचा. होळकरांच्या या मराठमोळ्या राजधानीत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रशाळा सुरू केली. ते स्वतः जे. जे.मध्ये शिकलेले, पण विद्यार्थ्यांना त्यांनी वर्गातल्या प्लास्टरच्या पुतळ्यांपुढे अडकवून ठेवले नाही. घाट, गल्ल्या, बाजार, भोवतालची खेडी अशा ठिकाणी जागेवर बसून काम करण्यावर त्यांचा भर होता. त्यांच्या शिष्यांचा रुंद फटकारा आणि सावलीतही रंग शोधणारी नजर मुंबईच्या प्रदर्शनांत उठून दिसू लागली. नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांच्यातले सर्वांत मोठे नाव. १९१० मध्ये इंदुरात जन्मलेल्या बेंद्र्यांनी देशभर भटकून निसर्गचित्रे केली, १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवले, १९५० पासून बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत पिढ्या घडवल्या, आणि उतारवयात ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवण्याच्या पद्धतीकडे वळून खेड्यातली माणसे, झाडे, गुरे त्या थरथरत्या उजेडात बसवली. मकबूल फिदा हुसेन हेही देवळालीकरांच्याच शाळेत शिकले. त्यांचा जन्म पंढरपूरचा, म्हणजे नीरा ज्या भीमेला मिळते तिच्याच काठचा.

मुंबईत हे वारे पक्के झाले ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. जे. जे.चे संचालक म्हणून आलेल्या चार्ल्स जेरार्ड यांनी युरोपातल्या नव्या चित्रकलेची ओळख वर्गात करून दिली. महायुद्धाच्या तोंडावर व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक झाले आणि त्यांच्या भडक, जाड रंगलेपनाने तरुण चित्रकार भारावले. पण लवकरच या पिढीने निसर्गचित्र मागे टाकले आणि अमूर्ताकडे मोर्चा वळवला. सय्यद हैदर रझांची १९४० च्या दशकातली मुंबईची दृश्ये आणि त्यांची नंतरची बिंदू-चित्रे यांच्यातले अंतर पाहिले की हा बदल किती मोठा होता ते कळते. उघड्यावर बसून तैलरंगात काम करण्याची शिस्त टिकवून धरण्यात मोठा वाटा कोल्हापूर, सांगली, बेळगाव अशा गावांतल्या चित्रकारांचा आणि चित्रकला शिक्षकांचा आहे. त्यांचे हे काम जेवढे गौरवले जायला हवे होते तेवढे गेलेले नाही.

आता नीरेचा काठ. पाँत्वाज आणि निरवांगी यांच्यातला पहिला फरक सूर्याचा आहे. पॅरिसचा परिसर उत्तर अक्षांश ४९ अंशांच्या जवळ, तर निरवांगी १८ अंशांच्या आसपास. फ्रान्समध्ये हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजालगत राहतो, त्यामुळे तिरपे ऊन आणि लांब सावल्या चित्रकाराला तासन्‌तास मिळतात. इथे सूर्य सरळ वर चढतो. जानेवारीतही सकाळी साडेनऊनंतर सावल्या आखडू लागतात, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तर भर दुपारी तो थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते. संध्याकाळचा संधिप्रकाशही इथे लवकर आटोपतो. चित्रकाराच्या हाती सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा दीड तास. म्हणून इथला कॅनव्हास लहान हवा, आणि एकच चित्र सलग तीन-चार दिवस त्याच वेळी, त्याच जागी येऊन पुरे करायची तयारी हवी. मोने उजेड बदलला की कॅनव्हास बदलत असे. इथे ती युक्ती आणखी गरजेची आहे.

दुसरा फरक हवेचा. पॅरिसकडच्या सीन नदीच्या खोऱ्यातली हवा दमट, त्यामुळे दूरची झाडे निळसर धुरकट होतात. इंदापूर-बारामतीकडची हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी इतकी कोरडी, की कोसभरावरचे झाडही स्पष्ट दिसते. दूरपण दाखवायला धुक्याची मदत मिळत नाही. ते रंगाची धार कमी करत आणि उबदार रंगाकडून थंड रंगाकडे जात साधावे लागते. मार्चपासून हवेत धूळ भरते, आकाश पांढुरके होते आणि सावल्यांतला निळेपणा जाऊन त्या मातकट-जांभळ्या होतात. सावली निळीच असते असा नियम पाठ केलेला चित्रकार एप्रिलच्या उन्हात हमखास चुकतो. सप्टेंबर हा इथला खरा पावसाचा महिना. सह्याद्रीने पाणी काढून घेतलेले ढग त्याआधी नुसते पुढे सरकत राहतात आणि माळावरून त्यांच्या सावल्या धावतात. त्या पकडायला पिसारोचाही हात कमी पडला असता.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र मातीची आहे. नदीकाठची जमीन काळी. दृक्प्रत्ययवादी पॅलेटवर तर काळा रंग नाही. नळीतला काळा सरळ फासला की शेताच्या जागी चित्राला भोक पडल्यासारखे दिसते, आणि पांढरा घालून तो फिका केला तर शिशासारखा, मेलेला करडा हाती येतो. उपाय असा, की अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना किंवा अलिझरिनचा लाल आणि व्हिरिडियन यांच्या मिश्रणातून गडदपणा उभा करायचा. तो गडदपणा कधी निळ्याकडे, कधी जांभळ्याकडे, कधी तांबूसपणाकडे झुकवता येतो आणि म्हणून जिवंत राहतो. माघात ‘सुरू’ हंगामाच्या उसासाठी नांगरलेल्या रानाकडे सकाळी पाहिले, तर ढेकळाची उन्हाकडची बाजू फिकी गुलाबी-करडी असते, उलटी बाजू गर्द निळी-जांभळी, आणि नुकत्याच पाणी दिलेल्या सरीत आकाशाचा तुकडा उतरलेला असतो. शेतकऱ्याला ही माती ओली, वाफशावर आलेली किंवा वाळलेली रंगावरून ओळखता येते. चित्रकाराने तेवढेच बारकाईने पाहिले तर काळ्या रंगाची गरजच पडत नाही. या मुलुखातल्या निसर्गचित्राचा कस लावायचा तर तो इथे लावावा.

हिरव्याचे दुखणे वेगळे. भाटघरचे मूळ धरण आणि नीरा डावा कालवा ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली कामे. कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामती-इंदापूरकडे ऊस आला. १९३० च्या दशकात जवळच वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे या रानातला हिरवा रंग निसर्गापेक्षा पाटाच्या पाण्याने भरलेला आहे, आणि पाट संपतो तिथे तो रेघ मारल्यासारखा थांबतो. पलीकडे पिवळे गवत, मुरूम, बोरी, हिवर आणि चिंकारा हरणांचे माळ. उसाचा हिरवा नळीतल्या हिरव्याने रंगवला तर चित्र कच्चे दिसते; त्यात पिवळी माती, थोडा नारिंगी आणि पातीच्या कडेला आकाशाचा फिका निळा मिसळावा लागतो. मार्गशीर्ष-पौषात उसाला तुरे येतात तेव्हा सगळ्या फडावर रुपेरी-जांभळी झाक चढते. मळणी झाल्यावर खळ्याशेजारी कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. मोनेने १८९०-९१ मध्ये जिव्हेर्नीच्या शेतातल्या गव्हाच्या गंजी पंचवीसेक कॅनव्हासांवर रंगवल्या आणि त्यांतल्या पंधरा एकत्र मांडल्या, तेव्हा पॅरिसला उजेडाचा अर्थ पटला. शाळूच्या कडब्याची गंज त्याहून कमी देखणी नाही. सकाळी ती केशरी, दुपारी जवळजवळ पांढरी आणि कातरवेळी करड्या गुलाबीत बुडालेली असते.

नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे संपातदिनांच्या सुमारास, मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मावळता सूर्य थेट पात्राच्या दिशेने येतो. बंधाऱ्यांमागे साठलेले पाणी हलत नाही. अशा पाण्यात उजळ वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित गडद असते आणि गडद वस्तूचे किंचित फिके. प्रतिबिंबाचे फटकारे उभे आणि पाण्याच्या पृष्ठभागाचे आडवे ठेवले, की काठ आपोआप बसतो.

प्रत्यक्ष काम असे चालते. कॅनव्हासवर पांढऱ्याऐवजी फिकट मातकट हात दिलेला असतो, म्हणजे उन्हात तो डोळ्यांवर येत नाही. डोळे किलकिले करून दृश्यातले चार-पाच मोठे आकार तेवढे पाहायचे आणि टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात ते मांडायचे. मग गडद भाग पातळ आणि उजळ भाग जाड, असा क्रम. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळून पुढे तडकतो. फटकारा ठेवला की सोडून द्यायचा. ओल्या रंगावर पुन्हापुन्हा कुंचला फिरवला की चिखल होतो. ज्या तेलात हे रंग घोटलेले असतात ते बहुधा जवसाचे. पाणी उडून जाते तसे ते उडत नाही. हवेतला प्राणवायू शोषून त्याचा चिवट पापुद्रा बनतो, आणि जाड थर आतून पुरता वाळायला महिने लागतात.

म्हणूनच वॉर्निश घाईने लावू नये. सहा महिने ते वर्षभर थांबणे बरे. कित्येक दृक्प्रत्ययवाद्यांनी चित्रांना वॉर्निश लावणेच टाळले, कारण त्याने पृष्ठभागाला चकाकी येते आणि रंग पिवळट पडतो. घरी टांगलेल्या चित्रावर थेट ऊन पडू देऊ नये. चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात मागे बुरशी धरत नाही. जाड फटकाऱ्यांच्या खाचांत धूळ बसते. ती मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी. ओले फडके किंवा बटाट्याची फोड फिरवण्याचा घरगुती उपाय चित्राचा घात करतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय निरवांगीकरांना तुलनेने जवळचे आहे. जुनी तैलचित्रे आपल्याकडच्या हवेत कशी टिकतात आणि कशी काळवंडतात, हे तिथे मूळ चित्रांसमोर उभे राहून पाहता येते.